शिष्यवृत्तीची शेवटची तारीख : अप्रमादाचा एक धडा



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या विहारांतून गुणवंतांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, वह्या, शब्दकोश दिले जातात, मान्यवरांची भाषणे होतात. हे सर्व व्हायलाच हवे. परंतु सत्कारानंतरच्या काही महिन्यांत त्याच मुलामुलींचे काय होते, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. कोणाचा उत्पन्नाचा दाखला जुना निघतो, कोणाच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा पुरावा सापडत नाही, कोणाचे बँक खाते आधारला जोडलेले नसते. तारीख निघून जाते, आणि ज्या शुल्काची जबाबदारी शासन घेणार होते ते भरण्यासाठी बापाला सावकाराकडे किंवा पतपेढीकडे जावे लागते. काही मुली तर ‘पुढच्या वर्षी बघू’ या एका वाक्यावर घरी बसतात. गुण कमी पडले म्हणून शिक्षण थांबले तर दुःख होतेच. पण कागद कमी पडला म्हणून थांबले तर ती संपूर्ण समाजाची हानी आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत आम्ही हा विषय पाठासारखा मांडीत आहोत. सभासदांनी तो वाचावा, विद्यार्थ्यांनी अभ्यासावा आणि घरातील वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावा, ही विनंती.

१. हा हक्क आला कोठून?

शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. तिच्यामागे मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मुदत पाळण्याचाही एक धडा आहे.

१९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तरुण भीमरावांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. पुढे १९१६ साली ते लंडनला गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली तेथील अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना मायदेशी परतावे लागले. निघण्यापूर्वी बाबासाहेबांनी एक गोष्ट आवर्जून केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मुंबईत १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून काटकसरीने शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्र नवल भथेना यांच्याकडून रक्कम उसनी घेतली, आणि मुदत संपण्यापूर्वी, १९२० सालीच ते लंडनला पोहोचले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. परिस्थिती प्रतिकूल होती, पैसा नव्हता. पण तारीख त्यांनी चुकू दिली नाही.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्य समाजाच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयना सादर केले आणि उच्च शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी केली. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाविद्यालयाच्या खिडकीवर आपण जिला ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणतो ती हीच.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आपण धम्मदीक्षा घेतली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे बौद्ध झालेला माणूस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बसत नव्हता. धर्म बदलला म्हणून दारिद्र्य आणि गावकुसाबाहेरचे जिणे बदलले नव्हते. तरी केंद्राच्या सवलती बंद झाल्या. महाराष्ट्र राज्याने १९६० साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राची दारे उघडायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना मान्यता दिली. म्हणजे धर्मांतरापासून चौतीस वर्षे! एवढी प्रतीक्षा करून पदरात पडलेला हक्क आपण एका दाखल्यासाठी गमवावा काय, याचा प्रत्येकाने विचार करावा.

२. काय मिळते?

ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत आहे, त्यांच्या अकरावीपासून पुढच्या पाल्यास ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. हिच्यात शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क यांसारखे परत न मिळणारे सक्तीचे शुल्क आणि त्याखेरीज निर्वाहासाठी वार्षिक भत्ता असतो. केंद्र शासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या भत्त्याचे चार गट केले गेले. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांसारख्या व्यावसायिक पदवीसाठी वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० रुपये आणि घरून जाणाऱ्यास ७,००० रुपये. इतर व्यावसायिक अभ्यासक्रमांस ९,५०० आणि ६,५००. कला, वाणिज्य, विज्ञान अशा साध्या पदवीस ६,००० आणि ३,०००. अकरावी, बारावी, आयटीआय, पदविका यांस ४,००० आणि २,५०० रुपये. खर्चाचा ६० टक्के भाग केंद्राचा व ४० टक्के राज्याचा, अशी त्या सूचनांतील वाटणी होती.

भत्त्याचा आकडा पाहून ‘एवढ्याशा पैशासाठी कोण हेलपाटे घालणार’ असे काही पालक म्हणतात. तो हिशेब चुकीचा आहे. खरी मोठी रक्कम शुल्काची असते. भत्ता हा त्या झाडाचा लहानसा फाटा आहे.

उत्पन्न अडीच लाखांच्या वर असले तरी सर्व दारे बंद होत नाहीत. अशा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती योजना आहे; तिलाच विद्यार्थी ‘फ्रीशिप’ म्हणतात. ‘आमचा पगार जास्त, आम्हाला काही मिळत नाही’ असे समजून घरी बसलेल्या नोकरदार सभासदांनी हे ध्यानात घ्यावे.

शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, अशांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्यास भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये, असे तिचे स्वरूप ठरले. मात्र विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तेथील स्थानिक रहिवासी नसावा, अशी अट आहे. म्हणजे नेरुळची मुलगी नेरुळच्याच महाविद्यालयात शिकत असेल तर तिला ही योजना नाही. ती पुण्याला शिकायला गेली आणि इतर अटी पूर्ण करीत असेल तर अर्ज करू शकते.

३. कागद तीन, पत्ते तीन

नवी मुंबईतील आपल्या कुटुंबांची सर्वांत मोठी अडचण येथे आहे, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार १९९२ साली सुरू झाला. १९५० साली नवी मुंबई नावाचे शहरच नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांचे वाडवडील सातारा, रत्नागिरी, पुणे, मराठवाडा, विदर्भ येथून मुंबईत आले आणि मग ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमुळे, तुर्भ्याच्या बाजारसमितीमुळे किंवा सिडकोच्या घरांमुळे खाडीच्या अलीकडे स्थायिक झाले. शासनाचा प्रत्येक कागद मात्र आपल्याला वेगवेगळा पत्ता विचारतो.

पहिला कागद जातीचा दाखला. तो १० ऑगस्ट १९५० या तारखेचा पत्ता विचारतो. त्या दिवशी आपले आजोबा-पणजोबा ज्या गावी कायमचे राहत होते, त्या भागाच्या प्रांत कार्यालयातून हा दाखला काढावा लागतो. आज आपण घणसोलीत राहतो याला येथे महत्त्व नाही. पुढे या दाखल्याची पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडे होते.

दुसरा कागद उत्पन्नाचा दाखला. तो आजचा पत्ता विचारतो. दिघा, ऐरोलीपासून वाशी, नेरुळ, बेलापूरपर्यंतचा महानगरपालिकेचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्यात येतो. एका स्थानकाच्या अंतराने तहसीलदार बदलतो. ज्यांनी अलीकडे बेलापूरहून खारघरला घर बदलले त्यांनी शिधापत्रिका व आधारवरील पत्ता वेळीच बदलून घ्यावा. नाहीतर दोन्ही तहसीलांच्या मध्ये अर्ज लोंबकळत राहतो.

तिसरा कागद प्रत्यक्ष शिष्यवृत्तीचा अर्ज. तो महाविद्यालयाचा पत्ता पाहतो. महाविद्यालय ज्या जिल्ह्यात, तेथील समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे तो तपासणीस जातो.

म्हणजे पाटण तालुक्यातून आलेले, कामोठ्यात राहणारे आणि मुलाला वाशीच्या महाविद्यालयात घालणारे कुटुंब असेल, तर त्याला सातारा, रायगड आणि ठाणे अशा तीन जिल्ह्यांशी संबंध ठेवावा लागतो. हे ज्याला आधी माहीत असते त्याचे हेलपाटे निम्मे होतात.

४. आजोबांचा पुरावा आणि धर्माचा रकाना

१९५० पूर्वीचा पुरावा म्हणजे काय? आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा सर्वांत उपयोगी. आपल्या अनेक आजोबांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही. त्यांच्यासाठी तहसील कार्यालयातील जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, ती शोधावी. ज्यांच्याकडे वतनाची जमीन होती त्यांना जुने महसुली उतारे मिळू शकतात. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणाला, म्हणजे काका, आत्या किंवा चुलत भावाला, वैधता प्रमाणपत्र आधीच मिळाले असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडावी. तो भक्कम आधार ठरतो. मात्र पुरावा देण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावर टाकली आहे, हे विसरू नये.

आडनावाचा प्रश्नही आपल्याकडे वारंवार उद्भवतो. गावातील नोंदीत फक्त नाव आणि जात, वडिलांच्या शाळेत एक आडनाव, मुलाच्या दाखल्यात दुसरे. अशा वेळी दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे दाखविणारे राजपत्र वा प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवावे.

आता एका नाजूक बाबीकडे येतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातील तरुण विचारतो, ‘आपण जात सोडली, मग सरकारी कागदावर ती पुन्हा का लिहायची?’ हा प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याला उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. आमचे मत असे की, दाखल्यातील जात ही आपली ओळख म्हणून लिहिलेली नसते. आपल्या पूर्वजांवर जो अन्याय झाला त्याची ती नोंद आहे, आणि त्या अन्यायाची भरपाई मागण्यासाठी ती दाखवावी लागते. आपला धर्म बौद्ध आहे आणि तो बौद्ध म्हणूनच लिहावा. काही पालक अजूनही भीतीपोटी धर्माच्या रकान्यात दुसरेच काही लिहितात. १९९० च्या दुरुस्तीनंतर या भीतीला कारण उरलेले नाही. बौद्ध धर्म लिहूनही अनुसूचित जातीचा हक्क अबाधित राहतो आणि अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांच्या दाखल्यासाठी राज्यात स्वतंत्र नमुना आहे. केंद्राच्या संस्थांतील प्रवेशासाठी वा नोकरीसाठी मात्र केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेगळा काढून ठेवावा.

अडचण होते ती शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ एवढीच नोंद असते आणि मूळ जातीचा उल्लेख कोठेच नसतो तेव्हा. अशा वेळी वडिलांच्या वा आजोबांच्या कागदांवरून साखळी जोडावी लागते. त्यासाठी वेळ लागतो, आणि म्हणूनच हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

५. उलटी मोजणी

सूचनाफलकावर जी तारीख लागते तिला आपण शेवटची तारीख म्हणतो. वस्तुतः आपली शेवटची तारीख तिच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. ज्या कागदाला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्या कागदाचा अर्ज करण्याचा दिवस हीच आपली खरी शेवटची तारीख होय.

एक उदाहरण सोडवू. समजा, एक विद्यार्थिनी बारावी विज्ञानात आहे आणि तिला जुलैमध्ये अभियांत्रिकीच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा आहे. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते. समितीला निर्णयासाठी नियमाने तीन महिने, आणि कारण असल्यास आणखी दोन महिने आहेत. पाच महिने मागे मोजले की १ फेब्रुवारी येते. तिच्याकडे जातीचा दाखलाच नसेल तर त्यासाठी पंचेचाळीस दिवस धरावेत. आपण डिसेंबरच्या मध्यावर आलो. आजोबांचे पुरावे गोळा करण्यासाठी गावच्या दोन-तीन खेपा, म्हणजे दोन महिने. आता ऑक्टोबरचा मध्य आला. याचा अर्थ, जुलैच्या प्रवेशाची तिची खरी शेवटची तारीख आदल्या ऑक्टोबरातच होऊन जाते. आणि त्या दिवसांत ती सहामाही परीक्षेच्या अभ्यासात असते! म्हणून आमचा आग्रह असा की, जातीचा दाखला दहावीपर्यंत हाती असावा आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने पडताळणीचा अर्ज महाविद्यालयाच्या पत्रासह अकरावीतच करावा.

वर्षाची आखणी पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

एप्रिल-मे : नवे आर्थिक वर्ष सुरू होताच उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करावा. नोकरदारांनी पगाराचा पुरावा जोडावा. माथाडी, नाका कामगार, घरकाम करणाऱ्या भगिनी यांच्याकडे असा कागद नसतो. त्यांनी तलाठ्यांच्या चौकशीसाठी वेळ धरून अर्ज करावा. दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते ती वाचावी. गावी भीमजयंतीला वा सुटीत जाल तेव्हा मुक्कामाला एक कामाचा दिवस जोडावा आणि शाळा, तहसील, प्रांत कार्यालयाची कामे त्या दिवशी करावीत.

जून-जुलै : मुलाचे आधार तपासावे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे व छायाचित्र पुन्हा द्यावे लागते. अकरावीची बहुतेक मुले याच वयाची असतात. आधारवरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहावे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावे बँक खाते असावे आणि ते आधारला जोडलेले असावे. खाते असणे आणि सरकारी रक्कम येण्यासाठी ते जोडलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन स्पष्ट विचारावे.

प्रवेश होताच : राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज सुरू झाल्याची खात्री करून पहिल्या पंधरवड्यात अर्ज भरावा. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळावर गर्दी होते आणि पान उघडत नाही, हा सर्वांचा अनुभव आहे.

दरवर्षी तारखा बदलतात, म्हणून आम्ही येथे तारीख छापलेली नाही. मुदतवाढीबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. काही वर्षी शासनाने मुदती वाढविल्या आहेत. वैधता प्रमाणपत्राच्या पावतीवर प्रवेश देऊन सवडही दिली आहे. परंतु ‘वाढवतातच’ असे गृहीत धरून चालणे म्हणजे दुसऱ्याच्या छत्रीवर पावसाळा काढणे आहे.

६. अर्ज भरला म्हणजे काम संपले काय?

नाही. ऑनलाइन अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, मग प्राचार्यांकडे, मग समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. कोठेही त्रुटी दिसली तर अर्ज परत पाठविला जातो आणि तो विद्यार्थ्याच्या खात्यात पडून राहतो. घरी पोस्टाने पत्र येत नाही. यास्तव दर आठवड्याला एकदा आपले खाते उघडून अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहावे. नोंदणीच्या वेळी दिलेला मोबाइल क्रमांक सायबर कॅफेवाल्याचा नसावा, घरातलाच असावा. संकेतशब्द वहीत लिहून ठेवावा. पुष्कळ मुलांचे दुसऱ्या वर्षीचे नूतनीकरण केवळ संकेतशब्द हरवल्याने अडते.

नूतनीकरण हा शब्द लक्षात ठेवावा. पहिल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून पुढची वर्षे आपोआप मिळत नाहीत. दरवर्षी अर्ज करावा लागतो. विद्यापीठाचा निकाल उशिरा लागला तर महाविद्यालयातील संबंधित लिपिकास भेटून मार्ग विचारावा, गप्प बसू नये. केंद्राच्या हिश्श्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते. त्यात महाविद्यालयाचे शुल्कही असू शकते, म्हणून ती घरखर्चात जाण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करून पावती घ्यावी.

७. दिरंगाई आपली नसेल तेव्हा

सर्वच दोष विद्यार्थ्याचा वा पालकांचा नसतो, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कार्यालयात साहेब नसतात, सर्व्हर बंद असतो, एकेक कागद वेगवेगळ्या दिवशी मागितला जातो. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणणे सोपे असते. अशा वेळी भांडण न करता कायदा हाती घ्यावा.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही तर प्रथम अपील तीस दिवसांच्या आत करता येते, त्यानंतर द्वितीय अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगापर्यंत जाता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु यासाठी एक गोष्ट हाताशी लागते, ती म्हणजे अर्जाची पावती. पावतीशिवाय अर्ज देऊ नये, आणि पावतीची छायाप्रत वेगळी ठेवावी. जुन्या नोंदी मिळत नसतील तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. त्याला साधारणतः तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क आगाऊ घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरीही कोणी अडवून धरले तर पालकांनी तोंडी वाद घालू नये. प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, त्याची प्रत समाजकल्याण सहायक आयुक्तांना द्यावी आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना कळवावे.

८. विहाराचे काम

तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या वेळी भिक्खूंना शेवटचा उपदेश केला तो अप्रमादाचा. धम्मपदातील दुसरा वर्गही अप्रमादावरच आहे. अप्रमाद म्हणजे सावधपणा, आळस न करता करायचे ते वेळेवर करणे. ध्यानाला बसल्यावर जो सावधपणा हवा तोच संसारातही हवा. मुलीच्या दाखल्याची तारीख वेळीच पाहणारा बाप अप्रमादाचेच आचरण करीत असतो, असे आम्हास वाटते.

हे काम एकेकट्या कुटुंबावर टाकून भागणार नाही. प्रत्येक विहारात एक नोंदवही असावी. तिच्यात आठवीपासून पुढच्या प्रत्येक मुलामुलीचे नाव, इयत्ता, आणि जातीचा दाखला, वैधता, उत्पन्न, आधार व बँक या पाच कागदांपुढे ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहावे. पौर्णिमेच्या वंदनेनंतर पंधरा मिनिटे ही वही उघडावी. ज्यांनी शिष्यवृत्तीवर पदवी घेतली त्या तरुणांनी प्रत्येकी दोन विद्यार्थ्यांचे अर्ज शेवटपर्यंत पाहण्याची जबाबदारी घ्यावी. निवृत्त सभासदांपैकी ज्यांनी महसूल, शिक्षण वा बँक खात्यात नोकरी केली, त्यांचे ज्ञान येथे सोन्याच्या मोलाचे आहे. जयंतीच्या मिरवणुकीला जसे आपण न बोलावता एकत्र येतो, तसे जूनमध्ये अर्ज भरण्यासाठी एकत्र यावे. बाबासाहेबांना हे अभिवादन अधिक आवडले असते, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

स्वाध्याय

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून घरातील मोठ्यांकडून तपासून घ्यावीत.

(१) १० ऑगस्ट १९५० रोजी तुमचे आजोबा वा पणजोबा कोणत्या गावी, कोणत्या तालुक्यात राहत होते?
(२) ते कोणत्या शाळेत गेले? गेले नसल्यास त्यांची नोंद कोणत्या कागदात सापडेल?
(३) तुमच्या वडिलांकडच्या नात्यात वैधता प्रमाणपत्र कोणाकडे आहे?
(४) तुमच्या घराचा तहसीलदार कोणता, आणि उत्पन्नाच्या दाखल्याची वैधता कोणत्या तारखेपर्यंत आहे?
(५) तुमचे नाव आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते या तिन्ही ठिकाणी सारखे आहे काय?
(६) तुम्हाला पुढील प्रवेश कोणत्या महिन्यात घ्यायचा आहे? तेथून उलटी मोजणी करून तुमची खरी शेवटची तारीख काढा.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर होऊन गेलेली तारीख आले, तर घाबरू नये. त्याच आठवड्यात विहारात येऊन नोंदवहीत नाव लिहावे.

सर्व विद्यार्थ्यांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!